नात्यांच्या नकाशातले बाण

जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत ‘जगायला जाणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. दिवाळी होते, भात आणि नागली घरात येते आणि अनेक पाड्यांवरची कर्ती माणसे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला निघतात. एखाद्या घराला कडी दिसली आणि शेजाऱ्याला विचारले, तर उत्तर मिळते, “ते जगायला गेले.” डोंगरउताराची पावसावरची शेती वर्षभराचे पोट भरू शकत नाही. म्हणून भट्टीमालकाकडून उचल घ्यायची, शिमग्याला चार दिवस घरी यायचे, पुन्हा जायचे आणि पावसाच्या तोंडाशी परतायचे, हा क्रम कैक वर्षे चालत आला आहे. या काळात पाड्यावर मागे राहतात ती मुख्यतः म्हातारी माणसे. मुलांपैकी काही आई-वडिलांबरोबर भट्टीवर जातात, काही आजी-आजोबांजवळ राहून गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकतात आणि बरीचशी आश्रमशाळांत निवासी असतात.

म्हणजे एकाच कुटुंबाची माणसे वर्षातला मोठा काळ तीन निरनिराळ्या ठिकाणी असतात. अशा मुलाला ‘माझे कुटुंब’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर ते पाठ्यपुस्तकातले कुटुंब लिहून देते. वडील शेतात जातात, आई स्वयंपाक करते, संध्याकाळी आम्ही सर्व एकत्र जेवतो. यातले खोटे काहीच नसते. पावसाळ्यात ते घर तसेच असते. मात्र माघ-फाल्गुनात त्या मुलाच्या मनात जे चालले असते, त्याला या दहा ओळींत जागा मिळत नाही.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे, नाशिकला राहते. त्र्यंबकेश्वर ओलांडून घाट उतरला की मोखाडा लागतो आणि पुढे जव्हार. गेली चार वर्षे महिन्यातून दोनदा मी या बाजूला जाते आणि पाचवी ते सातवीच्या मुलांबरोबर एक साधा उपक्रम करते. त्याला आम्ही ‘नात्यांचा नकाशा’ म्हणतो. आपले कोण कोण आहे, ते कोठे आहे, आपण त्याच्याशी कसे बांधलेले आहोत, हे मुलाने कागदावर काढायचे. हा उपक्रम मुलांचा असला, तरी आरोग्याच्या या पाक्षिकात त्याविषयी लिहिण्याचे कारण असे की, आपले बहुतेक वाचक माझ्या वयाचे किंवा माझ्या वयाच्या माणसांची देखभाल करणारे आहेत आणि त्या मुलांच्या कागदांवर स्वतःच्या शेजारी सर्वांत जवळ जी व्यक्ती वारंवार उमटते, ती असते आजी.

नकाशाची कल्पना

मध्यभागी एक कल्पना लिहावी आणि तिला झाडासारख्या फांद्या फुटू द्याव्यात, अशा आकृतीला ‘माइंड मॅप’ म्हणतात. मराठीत मनोनकाशा म्हणता येईल. टोनी बुझान या ब्रिटिश लेखकाने १९७४ सालच्या बीबीसीच्या मालिकेतून आणि त्याच काळातील पुस्तकातून ही पद्धत लोकप्रिय केली. तिचा भर स्मरणशक्तीवर आणि अभ्यासावर होता. त्याच दशकात अमेरिकेतील समाजकार्याच्या प्राध्यापिका ॲन हार्टमन यांनी कुटुंबांशी बोलताना वापरण्यासाठी एक वेगळी आकृती तयार केली. मध्ये कुटुंबाचे वर्तुळ, भोवती नातेवाईक, शाळा, दवाखाना, कामाची जागा अशी वर्तुळे. घट्ट नात्याला जाड रेघ, विरळ नात्याला तुटक रेघ, ताणाच्या नात्याला आडवे काटे मारलेली रेघ. आणि बळ कोणाकडून कोणाकडे जाते हे दाखवणारे बाण. आमचा नकाशा या दोन्हींवरून घेतलेला आहे. त्यातल्या बाणांविषयी पुढे अधिक सांगायचे आहे.

या मुलांना ही मांडणी शिकवावी लागेल, असे मला आरंभी वाटत होते. प्रत्यक्षात ती त्यांच्या डोळ्यांत आधीपासूनच होती. वारली घरात लग्न असले की गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मध्ये पालघाट देवी असते आणि भोवती झाडे, प्राणी, माणसे, सूर्य-चंद्र. तारपा नाचाच्या चित्रात मधोमध तारपा वाजवणारा असतो आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या माणसांची रांग गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळत जाते. वर्गात वारलींखेरीज कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी मुलेही असतात. परंतु चौक आणि तारपा सर्वांनी पाहिलेले असतात. पहिल्या दिवशी मी फळ्यावर एक वर्तुळ काढून “हा तू” असे म्हटले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, “हा एकटाच का उभा?” त्याच्या ओळखीच्या चित्रांत एकटे कोणी उभे नसते.

खडे आणि चिंचोके

आम्ही कागद लगेच हातात देत नाही. कागद मिळाला की मुले चित्र चांगले दिसावे या काळजीत पडतात. सुरुवात जमिनीवर होते. प्रत्येकाने आवारातून खडे, चिंचोके, पाने, काटक्या आणायच्या. या भागाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण होईल. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात शिक्षणाची साधने मुलाच्या अंगणातूनच घेतलेली होती. बिया, पाने, शंख-शिंपले हीच त्यांची खेळणी आणि हीच त्यांची पाटी. तो सारा परिसर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्हा झाला.

एक खडा म्हणजे आपण स्वतः. तो मांडून झाला की मी सावकाश, मध्ये पुरेसा वेळ सोडून प्रश्न विचारते. काल उठल्यापासून झोपेपर्यंत तुला कोण कोण भेटले? ताप आला तर प्रथम कोणाला सांगतोस? रात्री भीती वाटली तर? काही आनंदाचे घडले तर कोणाला सांगावेसे वाटते? कोणाची आठवण येते? प्रत्येक उत्तराला एक खडा किंवा पान ठेवायचे. मनाला जवळचे असेल तर जवळ, लांबचे असेल तर लांब. भिवंडी किती किलोमीटर आहे, याचा येथे संबंध नाही. उत्तर मोठ्याने सांगण्याचीही गरज नसते. पान ठेवले की पुरे.

अर्ध्या तासानंतर त्या अंगणात जे दिसते, ते कोणत्याही निबंधात दिसत नाही. आई-वडील असतातच, पण त्यांच्या खड्याभोवती काही मुले धाकट्या भावंडांचे चिंचोके ठेवतात, कारण तान्ही भावंडे आईबरोबर भट्टीवर गेलेली असतात. वसतिगृहात भाकरी वाढणाऱ्या मावशी असतात. शनिवारी बाजाराच्या जीपमध्ये फुकट बसू देणारा चालक असतो. बैल असतो, शेळी असते. उन्हाळ्यात आटणारी विहीर एकीने मांडली. कारण विचारले, तर म्हणाली की तेथे सगळ्या जणी भेटतात. एका मुलाने वारलेल्या आजोबांचे पान ठेवले आणि ते अगदी आपल्या खड्याला चिकटवून ठेवले. तेथे काही विचारायचे नसते. माणूस गेले म्हणून नकाशातून जात नाही, हे मुलाला सांगावे लागत नाही.

मग कागदावर हे उतरवायचे आणि रेघा ओढायच्या. जाड, बारीक, तुटक. येथवर हा उपक्रम कोणत्याही शाळेत होऊ शकेल असा आहे आणि अनेक ठिकाणी होतो. नंतर मी शेवटचा प्रश्न विचारते, “या माणसांकडून तुला काय मिळते, ते झाले. आता तुझ्याकडून त्यांना काय मिळते?”

उलट्या दिशेचा बाण

जव्हार-मोखाड्याचे नाव महाराष्ट्राने बहुतेक वेळा उणिवांच्या संदर्भात ऐकले आहे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ साली कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले. त्यानंतर योजना आल्या, तपासण्या आल्या, मदत आली, आणि ती यायलाच हवी होती. तथापि याचा एक सूक्ष्म परिणाम मला वर्गात जाणवतो. येथल्या मुलाला बाहेरून आलेला प्रत्येक माणूस काहीतरी देण्यासाठी आलेला दिसतो. वही, स्वेटर, खाऊ. त्यामुळे आपल्यापाशी देण्यासारखे काही आहे, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. पहिल्यांदा हा प्रश्न विचारला की वर्गात शांतता पसरते. कोणीतरी अडखळत म्हणते, “पाणी आणतो.” आणि मग थांबत नाही. आजोबांच्या हाताला धरून त्यांना रानाकडे नेतो. भावाला झोपवते. राब भाजायच्या वेळी पाला गोळा करते. वडिलांना फोनवरचे आकडे वाचून दाखवतो. आजीच्या केसांतल्या उवा काढते. बाण मोजता मोजता मुलांचे चेहरे बदलत जातात.

याला केवळ भावनिक म्हणून बाजूला सारता येणार नाही. हवाई बेटांतील कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रुथ स्मिथ यांनी अनेक दशके पाठपुरावा केला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे आजार अशा अनेक अडचणी ज्यांच्या वाट्याला एकदम आल्या, त्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले पुढे सक्षम, आत्मविश्वास असलेली आणि मायाळू प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात काय होते, याचा शोध घेतला, तेव्हा दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. एक म्हणजे त्यांच्यावर माया करणारे निदान एक तरी मोठे माणूस. अनेकांच्या बाबतीत ते आजी किंवा आजोबा होते. दुसरी म्हणजे घरात त्यांच्यावर असलेली काही खरी जबाबदारी, ज्यामुळे त्यांना आपली गरज आहे असे वाटे. पहिली गोष्ट मुलाकडे येणाऱ्या बाणाची, तर दुसरी मुलाकडून निघणाऱ्या बाणाची.

एका मुलीचे पाच बाण

सहावीतल्या एका मुलीविषयी सांगते. तिची ओळख पटेल असे काही लिहीत नाही. ती निवासी होती. मार्गशीर्षापासून तिचे पोट दुखे, जेवण जात नसे, रात्री झोप लागत नसे. आरोग्य केंद्रात दोनदा तपासून झाले. शरीरात दोष सापडला नाही. घरची आठवण येते, होईल सवय, असे सर्वांना वाटत होते आणि तसे वाटणे स्वाभाविक होते.

तिच्या नकाशात आई-वडिलांची रेघ जाड होती, पण शांत होती. ते भट्टीवर होते, दर आठवड्याला शिक्षिकेच्या फोनवर त्यांचा आवाज ऐकायला मिळे. आजीकडून तिच्याकडे येणारा बाण एकच. तिच्याकडून आजीकडे जाणारे मात्र पाच बाण तिने काढले होते आणि प्रत्येकावर बारीक अक्षरांत लिहिले होते. पाणी. चूल पेटवणे. दिवा. रेशन. गोळ्या.

शेवटच्या बाणाविषयी मी विचारले. आजीला रक्तदाबाच्या दोन प्रकारच्या गोळ्या होत्या, एक सकाळची, एक रात्रीची. आजीला वाचता येत नाही आणि डोळ्यांनाही अंधूक दिसते. शाळेत परतण्यापूर्वी या मुलीने दोन रिकाम्या आगपेट्या घेतल्या, एकीवर सूर्य काढला, दुसरीवर चंद्र, आणि गोळ्या त्यांत भरून ठेवल्या. चौकातले सूर्य-चंद्र आजीला बोटांनी चाचपडूनही ओळखता यावेत, म्हणून तिने पिठाची खळ जाड थापली होती. “पण पेट्या भरलेल्या महिन्याच्याच होत्या,” ती म्हणाली. महिना संपून पंधरा दिवस झाले होते. पेट्या रिकाम्या झाल्या असतील आणि त्या आता कोण भरणार, हा प्रश्न अकरा वर्षांची ती मुलगी एकटीच पोटात घेऊन फिरत होती.

तिच्या नकाशात नातीव्यतिरिक्त आजीकडे जाणारी एकही रेघ नव्हती. मी विचारले, “पाड्यावर आणखी कोण आहे, ज्याला आजी ओळखते?” बराच वेळ विचार करून तिने शेजारच्या घरातला चौथीतला एक मुलगा काढला, जो गावच्याच शाळेत जातो. मग आशाताईंचे वर्तुळ काढले. मग विहिरीवर भेटणारी एक काकू. या तिघांपासून आजीपर्यंत रेघा ओढता येतील का, असे विचारल्यावर तिने पेन्सिलीने, पुसता येतील अशा फिकट रेघा ओढल्या.

त्या फिकट रेघा खऱ्या करण्याचे काम मोठ्यांचे होते आणि ते अवघड नव्हते. शिक्षिकेने आशाताईंना फोन केला. उपकेंद्रातून गोळ्या मिळाल्या, पेट्या पुन्हा भरल्या गेल्या आणि रोज सकाळी शाळेत जाताना आजीच्या दाराशी थांबण्याचे काम त्या चौथीतल्या मुलाने आनंदाने घेतले. पुढच्या भेटीत मुलीने त्या तीन रेघा पेनाने गिरवल्या. पोटदुखी एका दिवसात गेली नाही; पण शिमग्यापर्यंत ती ताटातले संपवू लागली होती.

आजीची बाजू

शिमग्यानंतर मी त्या पाड्यावर गेले. आजीने अंगणात बसायला घोंगडी टाकली, कोरा चहा दिला. नातीचा कागद मी मुलीला विचारूनच बरोबर नेला होता. आजीला तो दिसण्यासारखा नव्हता, म्हणून तिचे बोट धरून मी एकेका रेघेवरून फिरवले आणि सांगत गेले. पाच बाणांवरून बोट फिरले तेव्हा ती गप्प होती. नंतर तिने विचारले, “माझ्याकडून तिला एकच?” आणि काहीशा रागानेच ती मोजू लागली. जन्मल्यावर तेल कोणी चोळले? पाऊस कधी येणार, हे मुंग्यांवरून ओळखायला कोणी शिकवले? रानातली कोणती भाजी खायची आणि कोणती नाही, हे कोणी सांगितले? धवलेरीची गाणी तिला कोणामुळे येतात? तिच्या सांगण्यावरून मी कागदावर बाण काढत गेले. ते सात झाले.

निघताना ती म्हणाली की, आपण आता नुसत्या बसून खाणाऱ्या झालो, पोरीला आपला भार होतो, असे तिला वाटत होते. नात लांब असूनही आपल्यामुळे जेवत नाही, हे ऐकून तिला वाईट वाटले होते. परंतु तिच्या आवाजात त्या दिवशी आणखीही काही होते. आपल्याकडून जाणारे सात बाण तिने मोजून घेतले होते.

आपल्यातील किती जण आजी-आजोबा हेच म्हणतात! ‘आता आमचा काय उपयोग’ हे वाक्य शहरातल्या सदनिकेतही तितकेच ऐकू येते. मिशिगन विद्यापीठातील स्टेफनी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२३ वृद्ध दांपत्यांचा पाच वर्षे अभ्यास केला आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. इतरांना मदत करणाऱ्या, जोडीदाराला मानसिक आधार देणाऱ्या वृद्धांमध्ये त्या काळातील मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. केवळ मदत मिळण्याशी मात्र असा संबंध दिसला नाही. २०१० साली ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. ज्यांची नाती भक्कम, त्यांची त्या-त्या अभ्यासकाळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होती. असे अभ्यास संबंध दाखवतात, औषधाची हमी देत नाहीत. तरीही वृद्ध माणसाच्या सर्व गरजा आयत्या पुरवून त्याच्या हातचे प्रत्येक काम काढून घेणाऱ्या देखभालीचा फेरविचार करावा, एवढे ते निश्चित सुचवतात. देखभाल करणाऱ्यांनी आपल्या माणसाच्या नकाशात त्याच्याकडून बाहेर जाणारा निदान एक बाण राहील, याची काळजी घ्यावी. भाजी निवडणे असो, नातवाचा पाढा म्हणवून घेणे असो, शेजारणीच्या दुखण्याची रोज चौकशी करणे असो.

घरी करून पाहताना

हा नकाशा आपल्या घरी काढता येतो. नातवंड आठ वर्षांच्या पुढचे असेल तर उत्तम. जेवणानंतरची निवांत वेळ निवडावी, दूरदर्शन संच आणि फोन बाजूला ठेवावा. धान्याचे दाणे, बटणे किंवा नाणी घेऊन ताटात मांडणी करावी आणि मग कागदाकडे वळावे. आजी-आजोबांनी आपला नकाशा वेगळ्या कागदावर त्याच वेळी काढावा. फक्त मुलाची परीक्षा घेतल्यासारखे होऊ देऊ नये. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकमेकांकडे जाणारे बाण पाहावेत. ते सारखे नसतात आणि त्या फरकाविषयी बोलण्यासारखे पुष्कळ असते.

ज्यांची नातवंडे परगावी किंवा परदेशी आहेत, त्यांनी फोनवर बोलताना दोघांनी आपापल्या घरी कागद घ्यावा. हातांना कंप असेल तर दुसऱ्याने रेघ ओढावी, पण ती कोठे ओढायची, हे ज्याचा नकाशा त्यानेच सांगावे. स्मरण कमी झालेल्या व्यक्तीबरोबर जुनी छायाचित्रे मांडावीत. नाव आठवले नाही तरी जवळ ठेवायचे की लांब, हे हात पुष्कळदा सांगतो. देखभाल करणाऱ्या सुनेने, मुलीने, मुलाने किंवा पगारी सेविकेनेही आपला स्वतःचा एक नकाशा काढावा. त्यात सर्व बाण बाहेर जाणारे आणि आत येणारा एकही नाही, असे दिसले तर ती थकव्याची पूर्वसूचना समजावी आणि घरातील इतरांनी कामे वाटून घ्यावीत.

काही पथ्ये मात्र पाळावीत. कोणाचा नकाशा भिंतीवर लावू नये, दोन मुलांच्या नकाशांची तुलना करू नये. रेघा कमी असल्या तर ‘एवढेच का?’ असे विचारू नये. ‘आणखी कोण असावेसे वाटते?’ असे विचारावे. एखादे जवळचे माणूस मुद्दाम लांब ठेवले असेल, तर लगेच कारण विचारण्याची घाई करू नये. एखाद्या व्यक्तीविषयी मुलाने भीती दाखवली, तर ते बोलणे खोटे ठरवू नये, घरात गाजावाजाही करू नये. शांतपणे ऐकून घ्यावे आणि गरज पडल्यास बालकांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर संपर्क साधावा. वृद्धांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या नकाशात हे वर्तुळही असू द्यावे.

नकाशाने उचल फिटत नाही, भट्टीवरून आई लवकर परत येत नाही, आटलेल्या विहिरीला पाणी येत नाही. त्या गोष्टींची उत्तरे वेगळी आहेत आणि ती रोजगाराच्या, पाण्याच्या आणि शाळांच्या कामांतूनच यायची आहेत. नकाशा एवढेच करतो की, जे ओझे कोणीतरी एकटेच वाहत आहे, ते चार माणसांना दिसेल अशा ठिकाणी आणून ठेवतो. पाड्यावरच्या आजीला आणि आश्रमशाळेतल्या नातीला ते एका कागदावर दिसले. आपल्या घरातही आज कोणाच्या तरी पेटीतल्या गोळ्या संपत आल्या असतील आणि त्याची काळजी कोणीतरी न बोलता करत असेल. ते कोण, हे शोधण्यासाठी एक कोरा कागद आणि एक पेन्सिल पुरेशी आहे.